किल्लीची किल्ली

डिस्कला कुलूप घालणं हे संगणकातलं सगळ्यात सोपं काम आहे. लिनक्सवर त्याला एका ओळीची आज्ञा पुरते. ती दिली की यंत्र विचारतं, या डिस्कवर आहे ते सगळं कायमचं जाईल, खात्री आहे ना? असेल तर 'येस' असं टाइप करायचं, आणि तेही सगळी अक्षरं कॅपिटल ठेवून. लहान अक्षरांतला 'येस' यंत्र धुडकावून लावतं. ही अट ज्याने घातली त्याला माणसाची पारख असली पाहिजे. आपल्याकडे लग्नंसुद्धा 'हं, बघू' एवढ्या होकारावर ठरतात. इथे छातीठोक होकार लागतो. मग पासफ्रेज विचारली जाते, ती दोनदा द्यायची, झालं. पासफ्रेज धड असेल तर ती डिस्क पुढे कुणाच्या बापाला उघडता येत नाही.

कटकट सुरू होते ती दुसऱ्या दिवशी, कारण डिस्क आपल्यालाच उघडायची असते.

या धंद्यात आजवर जेवढी अवजारं निघाली, ती सगळी एकच भांडण मिटवायला निघाली आहेत असं माझं मत आहे. मालकाला दोन गोष्टी हव्या असतात. पहिली, मी हजर असल्याशिवाय ही डिस्क उघडता कामा नये. दुसरी, रात्री तीन वाजता वीज जाऊन परत आली तर मला न उठवता ती आपली आपण उघडली पाहिजे. दोन्ही मागण्या एकाच माणसाच्या असतात, एकाच मीटिंगमध्ये केलेल्या असतात आणि मिनिट्समध्ये एकाखाली एक टाइप केलेल्या असतात. मिनिट्स टाइप करणाऱ्यालाही काही खटकत नाही. 'ॲक्शन आयटेम' म्हणून दोन्ही आमच्या नावावर चढतात.

मुळात ही वेळ येते ऑडिटमुळे. आपणहून डिस्कला कुलूप घालणारा मॅनेजर मी पाहिलेला नाही. ऑडिटरबाई येतात, त्यांच्याकडे एक एक्सेल असतं, आणि त्यात एक रकाना असतो: डिस्क एन्क्रिप्टेड आहे का? २०२३ साली वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाल्यापासून या रकान्याला धार आली आहे. लोकांची माहिती सांभाळायची वाजवी काळजी घेतली नाही, तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. त्यातला 'पर्यंत' साहेबांना ऐकू येत नाही, २५० कोटी तेवढे ऐकू येतात.

आमच्यातल्या एका सरळमार्गी पोराने बाईंना खरं सांगायचा प्रयत्न केला होता.

"मॅडम, सर्व्हर चालू असतो तेव्हा डिस्क उघडीच असते. नेटवर्कमधून कुणी आत शिरलं तर त्याला सगळं साफ दिसतं. हे कुलूप यंत्र बंद असतानाच कामाचं."

"बरं. मग तुमचा सर्व्हर बंद कधी असतो?"

"कधीच नाही, मॅडम."

"मग रकान्यात काय लिहू?"

पोरगा साहेबांकडे बघायला लागला. साहेबांनी मान हलवली. बाईंनी 'येस' लिहिलं. लहान अक्षरांत, त्यांना चालतं.

आता हेही सांगायला हवं की कुलूप अगदीच शोभेचं नसतं. डिस्क बिघडली की वॉरंटीत परत पाठवावी लागते. परत पाठवण्याआधी ती पुसावी म्हटलं तर पुसता येत नाही, कारण ती बिघडलेली असते, आणि बिघडली म्हणूनच तर चाललेली असते. म्हणजे कुलूप नसेल तर गिऱ्हाइकांचे आधार क्रमांक आणि पगाराच्या स्लिपा कुरियरवाल्याच्या पिशवीत बसून गावभर हिंडणार. कुलूप असेल तर त्या डिस्कवर निव्वळ खरखर. शिवाय जुनी डिस्क भंगारात काढताना पूर्ण पुसत बसलं तर तासन्‌तास जातात. कुलूपवाल्या डिस्कची किल्ली नष्ट केली की क्षणात काम होतं. एवढ्या एका कारणासाठी मी या कुलपाच्या बाजूचा आहे. एक्सेलवाल्या कारणासाठी नाही.

लिनक्सवरच्या या पद्धतीला लक्स म्हणतात. क्लेमेन्स फ्रूविर्थ नावाच्या गृहस्थाने ती सुमारे वीस वर्षांपूर्वी बसवली, आणि बसवताना फार शहाणपणाने बसवली. तुमच्या पासफ्रेजने डिस्क उघडतच नाही. डिस्क उघडते ती एका मूळ किल्लीने. ती यंत्र स्वतः तयार करतं आणि कुणाला दाखवत नाही. फडताळात आठ डबे आहेत, प्रत्येकात त्याच मूळ किल्लीची एकेक नक्कल आहे, आणि प्रत्येक डब्याला वेगळं कुलूप आहे, असं समजा. तुमची पासफ्रेज तुमचा डबा उघडते, साहेबांची साहेबांचा. कुणी नोकरी सोडली की त्याचा डबा फोडायचा, बाकीच्यांना धक्का नाही. जुन्या लक्समध्ये असे आठ डबे होते, नव्यात बत्तीस मावतात. इतके कशाला लागतात हे मला आधी कळलं नव्हतं. पुढे ऑटोमेशन आलं तेव्हा कळलं.

पासफ्रेज तपासायला नवं लक्स आरगॉन-२ नावाची रीत वापरतं. हिचा गुण असा की ती मुद्दाम हळू आहे आणि मेमरीही भरपूर खाते. तुम्हाला दोनेक सेकंद थांबावं लागतं, त्याचं काही वाटत नाही. पण कोट्यवधी शब्द लावून पाहणाऱ्या चोराला प्रत्येक शब्दाला तेवढंच थांबावं लागतं आणि त्याचा जन्म त्यात सरतो. पासवर्डांसाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २०१५ साली आरगॉन-२ विजेती ठरली. मुद्दाम वेळ लावण्याबद्दल पहिला नंबर मिळाल्याचं मला माहीत असलेलं हे एकच उदाहरण. आपल्याकडच्या काही कचेऱ्यांनी प्रवेशिका पाठवली नसावी.

हे सगळे डबे डिस्कच्या सुरुवातीला हेडर नावाच्या जागेत असतात. नव्या लक्समध्ये ही जागा साधारण सोळा एमबीची असते. तेवढी खराब झाली की उरलेली दहा टीबी गेली म्हणून समजा. पासफ्रेज तोंडपाठ असून उपयोग नाही. म्हणून शहाणी माणसं हेडरचा बॅकअप घेतात. आणि इथे एक गंमत आहे, ती पुष्कळांना ठाऊक नसते. नोकरी सोडून गेलेल्या मुलाचा डबा तुम्ही यंत्रावरून फोडलात, पण हेडरचा बॅकअप त्याच्या निरोपसमारंभाच्या आधीचा आहे. त्या बॅकअपात तो अजून कामावर आहे. मूळ किल्ली बदललेली नाही, त्यामुळे त्या जुन्या हेडरवर त्याची जुनी पासफ्रेज आजही चालते. त्याला केक कापून निरोप दिला, ओळखपत्र जमा करून घेतलं, एचआरने 'एक्झिट इंटरव्ह्यू'त त्याची मतं ऐकून घेतली. बॅकअपवाल्या कपाटाला मात्र कुणी काही कळवलं नाही.

बरं, हाताने पासफ्रेज टाकायची म्हटली तर काय होतं, ते एका ऑफिसात भाद्रपदात दिसलं. वीज गेली, यूपीएसने थोडा वेळ कळ काढून मान टाकली, वीज परत आली, आणि रॅकमधली सगळी यंत्रं उठून एकच प्रश्न विचारत उभी राहिली: पासफ्रेज? पासफ्रेज ठाऊक असलेला एकमेव माणूस गणपतीला मालवणकडे गावी गेलेला. घरात रेंज नाही. कुणीतरी त्याला सड्यावर पाठवला.

"हां, घे लिहून. कॅपिटल एस."

"एस. सरकारचा एस?"

"हो. मग डॉलर. मग स्मॉल ओ."

"ओ की शून्य?"

"ओ रे! ओरसचा ओ! मग उद्गारचिन्ह. हॅलो? ऐकू येतंय का? उद्गारचिन्ह!"

सर्व्हर उठले. सड्यावर गुरं राखणाऱ्या दोन पोरांनाही त्या दिवशी एका बड्या कंपनीच्या बिलिंग सिस्टीमची पासफ्रेज मिळाली; त्यांनी तिचं काही केलं नाही, हे त्या कंपनीच्या सुरक्षा अहवालात यायला हवं होतं, आलं नाही.

अशा प्रसंगानंतर साहेबांना कुणीतरी ऑटोमेशन सुचवतो. आमच्याकडे ऑटोमेशन म्हणजे बहुतेक वेळा ॲन्सिबल. मायकेल डीहान याने ते २०१२ मध्ये आणलं, २०१५ मध्ये रेड हॅटने विकत घेतलं. त्याची तऱ्हा अशी की यंत्रांना 'हे कर, ते कर' असं सांगायचं नाही. ती कशी असावीत एवढं एका फायलीत लिहायचं. तिला प्लेबुक म्हणतात. 'डिस्कला लक्स असावं. ती उघडी असावी.' बस. आधीपासून तसंच असेल तर ॲन्सिबल काही करत नाही, हिरव्या अक्षरांत 'ओके' म्हणून पुढच्या यंत्राकडे जातं. एकदा चालवा, दहादा चालवा, निकाल तोच. घरातल्या माणसांना हा गुण असता तर किती तोंडाची वाफ वाचली असती.

भीती एवढीच की 'असावं'च्या जागी 'नसावं'ही लिहिता येतं. तसं लिहिलं की ॲन्सिबल लक्सचं हेडर पुसतं, शांतपणे, आणि यादीत जेवढी यंत्रं असतील तेवढ्या सगळ्यांवर. माणूस हाताने करायला गेला असता तर दुसऱ्या यंत्राशी त्याच्या पोटात गोळा आला असता. कॅपिटलमधला तो 'येस' इथे कुणी विचारत नाही. तो प्लेबुक लिहिली तेव्हाच दिला असं धरलेलं असतं. तरीही ज्यांनी ॲन्सिबलचं हे लक्सवालं मोड्यूल लिहिलं त्यांना माझा नमस्कार आहे. शेवटची उरलेली किल्ली काढून टाका म्हटलं तर ते नकार देतं. हट्टच असेल तर 'शेवटची किल्लीसुद्धा जबरदस्तीने काढ' अशा अर्थाचा लांबलचक पर्याय आपल्या हाताने लिहावा लागतो. एवढं लांब नाव टाइप करताना एखाद्याला शुद्ध येईल, असा त्यामागचा विचार असणार.

आता बत्तीस डब्यांकडे येऊ. ऑडिटरबाईंच्या दुसऱ्या रकान्यात 'किल्ल्या ठराविक काळाने बदलता का?' असं असतं. म्हणून किल्ली बदलायची प्लेबुक लिहिली जाते. ती आधी नवी किल्ली घालते, मग जुनी काढते. पहिली पायरी नेहमी जमते. दुसरी पायरी, जुनी किल्ली कुठे ठेवली होती ते सापडत नसल्यामुळे, राहून जाते. पुढच्या तिमाहीत आणखी एक. जुन्या लक्सवर दोनेक वर्षांत आठही डबे भरतात आणि प्लेबुक लाल अक्षरांत सांगते की जागा नाही. तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी उघडून बघतं, तर सगळ्या जुन्या किल्ल्या चालू. किल्ल्या बदलल्या जात होत्या हे मात्र खोटं नव्हतं.

पण या सगळ्याआधीचा प्रश्न असा, की ॲन्सिबलने डिस्क उघडायची तर त्याला किल्ली कुठून मिळणार? पहिलं उत्तर नव्या मुलांना सुचतं: प्लेबुकमध्येच लिहू. प्लेबुक गिटमध्ये, म्हणजे कोडच्या सामाईक कपाटात, असते, गिट अख्ख्या ऑफिसला दिसतं, आणि गिटमधून ओळ खोडली तरी इतिहासात राहते. म्हणून मग किल्ली ॲन्सिबलच्याच व्हॉल्टमध्ये, म्हणजे पासवर्ड घातलेल्या फायलीत, ठेवतात. छान. त्या फायलीचा पासवर्ड? तो प्रत्येक वेळी टाइप करायचा तर ऑटोमेशन कसलं, म्हणून तो दुसऱ्या एका फायलीत. ती फाईल एका लॅपटॉपवर. लॅपटॉप चोरीला जाईल, म्हणून लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट केलेली. तिची पासफ्रेज अवघड, म्हणून ती एका पिवळ्या चिठ्ठीवर. चिठ्ठी मॉनिटरच्या मागे, कारण समोर लावायला सुरक्षा धोरणात बंदी आहे. मधल्या सगळ्या कड्या दोनशे छप्पन्न बिटांच्या. शेवटची कडी डिंकाची.

शिवाय ॲन्सिबल बोलकं आहे. प्रत्येक पायरीला काय केलं ते छापतं, आणि किल्ली वापरली तर वेळप्रसंगी किल्लीही छापतं. लॉग सगळ्यांना दिसतो. यावर उपाय म्हणून त्या पायरीवर 'नो लॉग' लिहायचं असतं. लिहिलं की किल्ली छापली जात नाही. पण पायरी फसली तर का फसली तेही छापलं जात नाही. 'नो लॉग लिहिलंय म्हणून माहिती लपवली आहे' एवढाच निरोप येतो. रात्री अकरा वाजता, प्रॉडक्शन पडलेलं असताना, हा निरोप वाचून माणूस काय करतो? 'नो लॉग' काढतो, पुन्हा चालवतो, चूक सापडते, सर्व्हर उठतो, सगळे एकमेकांना अंगठे पाठवतात आणि झोपायला जातात. 'नो लॉग' परत लावायला कुणी उठत नाही.

एवढं झाल्यावर एखादी मोठी कंपनी हॅशिकॉर्पचं व्हॉल्ट आणते. हे सगळ्या किल्ल्यांचं कोठार. मागाल तेव्हा किल्ली देतं, कुणी कधी मागितली याची नोंद ठेवतं. त्याची खासियत अशी की ते बंद होऊन पुन्हा सुरू झालं की कुलूपबंद अवस्थेत उठतं. उघडायला त्याची मुख्य किल्ली लागते, आणि ती सहसा पाच तुकड्यांत वाटलेली असते. कुठलेही तीन तुकडे एकत्र आले की पुरे. ही युक्ती आदि शमीर यांची, १९७९ सालची, आणि ती शाळेच्या गणितात बसते. दोन बिंदूंमधून वर्गसमीकरणाचे आलेख हवे तेवढे काढता येतात. तिसरा बिंदू मिळाला की एकच उरतो. म्हणजे दोघांनी कट केला तरी त्यांना काडीचंही कळत नाही. गणित निर्दोष आहे. बोंब होते ती पाच माणसं निवडताना. एक तुकडा एमडींकडे, ते परदेशी. एक फायनान्सवाल्या सरांकडे. त्यांनी तो स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवला आहे. एकाने फोटो काढला, फोटो घरच्या ग्रुपवर आपोआप चढला. एक जण नोकरी सोडून गेला. पाचव्याला आपल्याकडे असलं काही दिल्याचं आठवत नाही. म्हणून मग व्हॉल्ट आपोआप उघडण्याची सोय करतात: क्लाउडमधली एक किल्ली ते उघडते. आणि क्लाउडशी बोलायला लागते, अर्थातच, एक किल्ली.

क्लाउडवाल्यांना मात्र आपल्या गिऱ्हाइकांची पक्की ओळख आहे. ॲमेझॉनच्या किल्लीसेवेत किल्ली नष्ट करा म्हटलं तर ती लगेच होत नाही. किमान सात दिवस, आणि तुम्ही काही सांगितलं नाहीत तर तीस दिवस, थांबवून ठेवतात. नोटीस पिरियड म्हणा ना. मधल्या काळात कुणीतरी बोंबलत येणार याची त्यांना खात्री असते.

माणसं निवडून, कॅमेरे लावून, सगळं अगदी विधिवत केलं तरी काय होऊ शकतं, ते फेब्रुवारी २०२० मध्ये जगाने पाहिलं. इंटरनेटच्या नावांची जी मूळ यादी आहे तिच्यावर सही करणारी एक किल्ली असते. तिचा सोहळा दर तीन महिन्यांनी होतो. एकदा लॉस एंजेलिसजवळच्या एल सेगुंडोला, एकदा व्हर्जिनियातल्या कल्पेपरला. जगभरातून निवडलेले विश्वासू लोक आपापल्या किल्ल्या घेऊन येतात, थेट प्रक्षेपण असतं, पायरी न पायरी संहितेत लिहिलेली असते, पूजेला गुरुजींच्या पोथीत असते तशी. त्या फेब्रुवारीत सगळी तयारी झाली आणि एल सेगुंडोची एक तिजोरी उघडेना. सॉफ्टवेअर ठीक, गणित ठीक, माणसं हजर. लोखंडी कुलूप अडलं. सोहळा पुढे ढकलावा लागला, आणि काही दिवसांनी, कुलूपवाल्याने ड्रिलने तिजोरी फोडल्यावर, पार पडला. आमच्याकडे हे घडलं असतं तर 'रूट कॉज'च्या रकान्यात काय लिहायचं यावर तीन मीटिंगा झाल्या असत्या.

सुरुवातीच्या त्या दोन मागण्यांमधली मला पटलेली सगळ्यात बरी तडजोड म्हणजे रेड हॅटच्या मंडळींनी काढलेली टँग आणि क्लेव्हिस ही जोडी. ऑफिसच्या नेटवर्कवर टँग नावाचा एक छोटा सर्व्हर बसतो. यंत्र उठलं की त्यातलं क्लेव्हिस टँगशी दोन वाक्यं बोलतं, थोडं गणित करतं, आणि डिस्कची किल्ली यंत्राला स्वतःलाच पुन्हा काढता येते. टँगकडे कुणाच्याच किल्ल्या साठवलेल्या नसतात. जी काढायला त्याने मदत केली तीही त्याला दिसत नाही. यंत्र चोरून नेलं तर चोराच्या घरी टँग नाही, त्यामुळे डिस्क बंद. रात्री तीनला वीज आली तर टँग शेजारीच, त्यामुळे डिस्क उघडी. कुणाला उठवायचं नाही, सड्यावर पाठवायचं नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता.

मग ऑडिटरबाई आल्या.

"या टँगची डिस्क एन्क्रिप्टेड आहे का?"

नव्हती. रकाना भरायचा म्हणून तिला कुलूप घातलं. ते कुलूप उघडायला दुसरा टँग आणला. दुसऱ्याची डिस्क उघडायला पहिला टँग. प्लेबुक सुंदर झाली होती, सगळं हिरवं. पुढच्या वेळी वीज गेली आणि आली, तेव्हा दोन्ही टँग एकमेकांसमोर 'आधी तुम्ही' म्हणत सकाळपर्यंत उभे होते, आणि त्यांच्यामागे सगळी रांग. टँग तळघरात वेगळ्या खोलीत कुलपात ठेवायचा, साध्या लोखंडी कुलपात, आणि रकान्यात कारण लिहायचं, हे खरं उत्तर आहे. पण एक्सेलमध्ये कारणाला रकाना नसतो.

मदरबोर्डवरच्या टीपीएम चिपचाही उपाय आहे. तीही किल्ली सांभाळते, आणि यंत्र कालच्यासारखंच आहे याची खात्री पटली तरच देते. फर्मवेअर अपडेट केलं की तिला घरच्याच माणसाची ओळख पटत नाही. मग ती रिकव्हरी की मागते, आणि ऑफिसात शोधाशोध सुरू होते. शिवाय चोराने आख्खं यंत्रच उचललं तर चिपही त्याच्याबरोबर जाते आणि लॉगिनच्या दारापर्यंत त्याला इमानेइतबारे सोडून येते.

रिकव्हरी की म्हणजे काय चीज आहे हे जगाला १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी कळलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक सदोष अपडेट सोडलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. दुरुस्ती तशी क्षुल्लक होती: यंत्र सेफ मोडमध्ये उठवायचं, एक फाईल काढून टाकायची. पण ऑफिसांतल्या कित्येक यंत्रांच्या डिस्कला बिटलॉकरचं कुलूप, आणि अशा वेळी ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ऑटोमेशन हात चोळत बसलं, कारण उठलेल्या यंत्रालाच ते काही सांगू शकतं. प्रत्येक यंत्रापाशी माणूस जायला हवा होता. काही ठिकाणी तर सगळ्या किल्ल्या ज्या सर्व्हरवर नीट जपून ठेवल्या होत्या, तोच निळा पडून किल्ली मागत होता.

एका यंत्राला ४८ आकडे फोनवर सांगून पाहा. "एकोणऐंशी." "म्हणजे सात-नऊ ना?" "हो." "एकोणनव्वद नाही ना?" "एक मिनिट, परत बघतो." असं शेकडो यंत्रांना. ऑस्ट्रेलियात ग्रँट थॉर्नटन या कंपनीतल्या लोकांनी यावर फार झकास तोड काढली. त्यांनी किल्ल्यांचे बारकोड केले आणि दुकानात मिळतो तसा साधा स्कॅनर आणला. स्कॅनर हा यंत्राला कीबोर्डच वाटतो. बारकोडवर धरला की ४८ आकडे क्षणात टाइप. अब्जावधींचा सुरक्षा उद्योग त्या आठवड्यात किराणा दुकानाच्या काउंटरवरच्या वस्तूने सावरला. बिटलॉकर बनवणाऱ्यांनीही फोनवरच्या माणसाचा विचार केलेला दिसतो: ४८ आकडे सहा-सहांच्या आठ गटांत असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने भाग जातो. एक आकडा चुकला तर भाग जात नाही, आणि चूक कुठल्या गटात आहे ते तिथल्या तिथे कळतं.

आता तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध, आमच्याकडे ना सर्व्हर ना ऑडिटर. पण घरी विंडोजचा नवा लॅपटॉप असेल तर संबंध आहे. २०२४ च्या उत्तरार्धात आलेल्या विंडोज ११ पासून, नवी विंडोज टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की डिस्कला कुलूप सहसा आपोआप लागतं आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. कुणी कॅपिटलमध्ये काही विचारत नाही. एखाद्या दिवशी अपडेटनंतर निळ्या पडद्यावर ४८ चौकोनांची मागणी येते आणि तेव्हा आठवावं लागतं, की लॅपटॉप आणला तेव्हा सुरू कुणी करून दिला होता? बहुतेक घरांत भाच्याने. आणि तोही स्वतःच्या खात्यावरून, कारण 'मावशी, तुझा पासवर्ड काय?' याला उत्तर आलं नव्हतं. त्याला आजच फोन करा. आठही गट कागदावर उतरवून घ्या, प्रत्येकाला ११ ने भागून पाहा, आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.